अवधूतच्या फोनमधली आसावरी

आसावरी मोहरील दारू पिते हे इंग्लंडच्या रीडिंग शहरातल्या मराठी मंडळींपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. मंडळाच्या गणपतीत मोदकांची उकड तीच काढायची. एका फायनान्स कंपनीत तिच्या हाताखाली सहा जणांची टीम होती. नवरा अवधूत बेसिंगस्टोकला प्रोजेक्ट मॅनेजर, मुलगी सान्वी सेकंडरी स्कूलच्या पहिल्या वर्षाला. दोघंही नागपूरचे, लग्न झाल्यावर वर्षभरात इकडे आलेले. बाहेरून बघणाऱ्याला या घरात नाव ठेवायला जागा नव्हती.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली होती. दिवसभर स्क्रीनसमोर बसून झालं की स्वयंपाक करताना एक ग्लास वाइन. एकाचे दोन झाले, मग ग्लासची जागा चहाच्या मोठ्या मगने घेतली, कारण मगमध्ये काय आहे ते दिसत नाही. ऑफिस पुन्हा सुरू झालं तोवर तिला दुपारीही प्यायल्याशिवाय राहवत नव्हतं. खोटं बोलणंही आपोआप जमत गेलं. एकदा कलीगची आई वारली, फ्युनरलला जाते, असं सांगून ती वोकिंगहॅमच्या एका पबमध्ये संध्याकाळपर्यंत बसली होती, आणि अवधूतने घरी आल्यावर तिला मायेने कॉफी करून दिली होती.

मग एका हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली. अवधूत घरी नव्हता. सान्वीने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने सरळ विचारलं की रोज किती पिता, आणि आसावरीने पहिल्यांदा अवधूतसमोर खरं उत्तर दिलं. तो ओरडला नाही. कार पार्कमध्ये जाऊन बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "काय करायचं ते करू. पण आता हे थांबलं पाहिजे."

ते थांबवायला काही आठवडे औषधं आणि देखरेख लागली. त्यानंतर जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, तिला गुरुवारच्या ग्रूपचं नाव दिलं. एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी आठ-दहा माणसं जमायची. ग्रूप मॉरीन चालवायची. ती निवृत्त नर्स होती आणि स्वतः एके काळी भरपूर प्यायची. ती फार बोलत नसे, पण तिच्यासमोर थापा मारता येत नसत.

या ग्रूपचं एक ॲप होतं, हँडरेल नावाचं. रोज दुपारी बारा वाजता ते एकच प्रश्न विचारायचं, आज कसं आहे? उत्तराला तीन ठिपके. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे अवघड जातंय. लाल दाबला की ग्रूपमधल्या कुणाचा तरी काही मिनिटांत फोन यायचा. खाली कोपऱ्यात न पिता गेलेल्या दिवसांचा आकडा वाढत जायचा. आणि हवं असल्यास घरच्या एका माणसाला त्यात जोडता यायचं, म्हणजे त्यालाही आपले ठिपके दिसत, आणि ठिपका आला नाही तर ॲप त्याला तसं कळवत असे.

अवधूतला तिने स्वतःच जोडलं. त्या हिवाळ्यात त्याने जे सोसलं त्याच्या बदल्यात एवढं तरी त्याला देता येईल असं तिला वाटलं होतं.

अवधूतने ते फार मनावर घेतलं. ऑफिसात बारा वाजले की तो फोन उलटा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा. तिचा ठिपका यायला उशीर झाला की "बिझी आहेस का?" असा मेसेज यायचा. महिन्याअखेरी त्याने तिला लॅपटॉपवर एक ग्राफ करून दाखवला. रेघ हिरवी आणि जवळपास सरळ होती. त्याला खरोखर आनंद झाला होता, म्हणून तीही हसली. पण आपल्या आयुष्याचा स्टेटस रिपोर्ट बघावा तसं तिला वाटलं, आणि त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

एकदा बॉसशी खटका उडाला म्हणून तिने पिवळा दाबला. दहा मिनिटांत अवधूतचा फोन आला. काय झालं, कुठे आहेस, आत्ता कोण आहे तुझ्याबरोबर. मग तो मीटिंग सोडून घरी आला, तिच्यासाठी फुलं घेऊन. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवसानंतर आसावरीने पिवळा दाबणं सोडलं. कसाही दिवस असो, बारा वाजता हिरवा.

मॉरीनच्या ते लक्षात आलं. एका गुरुवारी चहाचे कप धुताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली की इतके हिरवे ठिपके मी उभ्या जन्मात कुणाचे पाहिले नाहीत, तू ते दाबतेस कुणासाठी? आसावरीने पुढचा कप पुसायला घेतला.

याच ग्रूपमध्ये तिला फ्लोरा भेटली होती. सत्तरी ओलांडलेली, केस नीट सेट केलेले, ओठांना फिकट लिपस्टिक. पहिल्या दिवशी तिने अस्सल इंग्लिश उच्चारात नाव सांगितलं, फ्लोरा पेणकर. आसावरीने चमकून वर पाहिलं. मीटिंग संपल्यावर तिने मराठीत विचारलं, पेणकर म्हणजे तुम्ही पेणच्या का?  फ्लोरा जपून एकेक शब्द जुळवत म्हणाली, की आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू, भायखळ्याचे. एकोणीस वर्षांची होते तेव्हा इथे आले. मराठी आता गंजली.

गंजली होती, पण गेली नव्हती. फ्लोरा अजून हॉस्पिटलला इस्पितळ म्हणायची आणि ब्रेकफास्टला न्याहारी. नवरा गेल्यावर ती एकटी राहू लागली आणि शेरीची बाटली कपाटातून टेबलावर आली, एवढंच तिने आपल्या पिण्याबद्दल सांगितलं. मॉरीनने दोघींची जोडी लावून दिली. अडचण आली की आधी एकमेकींना फोन करायचा. आसावरी तिला फ्लोरामावशी म्हणू लागली. फ्लोराला ते इतकं आवडलं की ॲपमध्येही तिने आपलं नाव बदलून 'मावशी' असं केलं, आणि बाकीच्या ग्रूपला ते कुठलं तरी फ्रेंच नाव वाटलं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी फ्लोराचा फोन आला. तिचा मोठा भाऊ सियोन, लंडनमधल्या पिनरला राहणारा, पहाटे गेला होता. त्यांच्यात वेळ लावत नाहीत, त्यामुळे दफन त्याच दुपारी होतं.

"पोरी, तिथे सगळे पितील," फ्लोरा म्हणाली. "सियोनला व्हिस्कीची आवड. त्याच्या नावाने पितील. मी एकटी गेले तर शुद्धीत परत येणार नाही. येशील?"

आसावरीने सुट्टी टाकली. अवधूतला मेसेज केला की फ्लोरामावशींचा भाऊ वारलाय, त्यांच्याबरोबर पिनरला जातेय, संध्याकाळी येते. सान्वीला शाळेनंतर घरात जायला किल्ली होती. दोघी ट्रेनने पॅडिंग्टनला गेल्या आणि पुढे मेट्रोपॉलिटन लाइनने पिनरला. स्टेशनवर सियोनची मुलगी डॅनिएला गाडी घेऊन उभी होती. ती मराठी समजायची, बोलायची इंग्लिशमध्ये. दफनभूमीच्या फाटकापाशी तिने सगळ्यांना फोन बंद करायला सांगितले, आसावरीनेही केला.

तिथे ज्येष्ठ माणसं आळीपाळीने फावडं घेऊन माती लोटत होती. फ्लोराने आसावरीचा दंड धरून ठेवला होता. बारा कधी वाजून गेले याचं आसावरीला भान राहिलं नाही.

डॅनिएलाच्या घरी सुतकाच्या रीतीप्रमाणे आरसे झाकलेले होते आणि घरच्यांसाठी बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायकांनी उकडलेली अंडी आणि पाव आणून दिला. येणारा प्रत्येक जण फ्लोराचा हात हातात घेऊन दीर्घायुष्य लाभो म्हणत होता. प्रार्थना झाली. मग मायकल नावाच्या फ्लोराच्या एका आतेभावाने सियोनच्याच कपाटातली बाटली आणली आणि छोट्या ग्लासांत ओतायला सुरुवात केली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ट्रे फिरत फिरत फ्लोरासमोर आला.

वास आसावरीच्याही नाकात शिरला.  दोन ग्लास समोर होते आणि तिला दोन्ही नीट दिसत होते, काठावरचा थेंबसुद्धा. फ्लोराचा हात मांडीवरून उचलला गेला होता. आसावरीने तो हात वरच्या वर धरला.

"मावशी, बागेत जाऊ या," ती म्हणाली. फ्लोरा उठली.

बागेत एक ओला बाक होता. त्यावर बसून फ्लोरा बोलत राहिली. सियोन तिला शाळेत पोहोचवायला यायचा, वाटेत नळबाजारात हरभरे घेऊन द्यायचा, ती इंग्लंडला निघाली तेव्हा बंदरावर न रडता उभा राहिला आणि नंतर तिच्या मागोमाग स्वतःही आला, हे सगळं तिने मराठीत सांगितलं, अडखळत, आणि मग हळूहळू न अडखळता. आत ग्लासांचा आवाज येत होता.  आसावरीने आपले हात फ्लोराच्या हातांवर दाबून धरले. पाहुणे पांगू लागले तेव्हाच दोघी आत गेल्या. फ्लोरा रात्री डॅनिएलाकडे राहणार होती. निघताना आसावरीने डॅनिएलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आत्यांना पिऊ द्यायचं नाही, एक घोटही नाही. डॅनिएलाने बाटली उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

पिनर स्टेशनवर आसावरीने फोन सुरू केला. अवधूतच्या मिस्ड कॉल्सची रांग लागली होती. तिने लावला, तो सान्वीने उचलला.

"आई, तू ठीक आहे?" सान्वी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "बाबा किचनचा सगळी कपाट बाहेर काढला. तो तुझी बाटली शोधतोय."

"मी ठीक आहे," आसावरी म्हणाली. "मी प्यायलेली नाही. बाबाला सांग, मी येतेय."

तिला आता सगळं उलगडलं. बाराचा ठिपका गेला नाही, ॲपने अवधूतला कळवलं, त्याने फोन केले, फोन बंद. आणि मेसेजमध्ये फ्युनरल. वोकिंगहॅमच्या पबचीच थाप, जी हॉस्पिटलनंतर तिने त्याला कबूल केली होती.

पॅडिंग्टनला ट्रेनला अवकाश होता. प्लॅटफॉर्मसमोरच्या दुकानात थंड वाइनचे छोटे कॅन ओळीने लावले होते. बघता बघता ती त्यांच्यासमोर उभी होती. नाहीतरी घरी सगळ्यांना वाटतंच आहे की मी प्यायलेय, हा विचार इतका सरळ आणि सोयीचा वाटला की तिला त्याचीच भीती वाटली. ती दुकानाबाहेर आली, ट्रेनमध्ये चढली, जागेवर बसली आणि ॲप उघडून लाल ठिपका दाबला. हँडरेल घेतल्यापासून पहिल्यांदाच.

गाडी स्लाउ स्टेशनला पोहोचायच्या आत मॉरीनचा फोन आला. आसावरीने तिला बाग, ग्लास, पॅडिंग्टनचं दुकान, सगळं सांगितलं. समोर बसलेला माणूस ऐकत होता, पण तिने आवाज लहान केला नाही. मॉरीनने रीडिंग येईपर्यंत फोन ठेवला नाही.

घराचं दार उघडंच होतं. जिन्यावर सान्वी युनिफॉर्ममध्ये बसली होती. स्वयंपाकघरात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डाळी-तांदळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, मिक्सर, दिवाळीची पातेली, सगळं बाहेर होतं. मध्ये अवधूत उभा होता, ऑफिसच्या शर्टात, हातात फोन.

"लाल दाबलंस," तो म्हणाला. "म्हणजे प्यालीस."

"लाल म्हणजे प्याले असं नाही, अवधूत. लाल म्हणजे मदत हवी."

 आसावरी डबे ओलांडत त्याच्यासमोर गेली, अगदी जवळ, आणि त्याच्या तोंडावर श्वास सोडला.

"हे एकदाच," ती म्हणाली. "पुन्हा करणार नाही."

अवधूत मटकन डब्यांमध्येच खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. आसावरीने सान्वीला वर जाऊन कपडे बदलायला सांगितलं. मग तीही खाली बसली, मिक्सर बाजूला सारून, आणि तिने आपला फोन काढला. हँडरेलमध्ये 'घरचं माणूस' या पानावर अवधूतचं नाव होतं. तिने ते काढून टाकलं आणि त्याला दाखवलं.

"मग मला कळणार कसं?" त्याने विचारलं.

"मी सांगेन."

"तू आधीही सांगायचीस."

"हो. खोटं सांगायचे. तू आज घाबरलास त्यात तुझी चूक नाही, ती भीती मीच तुला दिलीय."  पुढचं बोलायला तिला जड गेलं. "पण तू घाबरू नयेस म्हणून मी रोज हिरवा दाबत आलेय. त्यातले कितीतरी हिरवे नव्हते. तुला दाखवायला मी पुन्हा खोटं बोलायला लागले. ते थांबवायचं असेल तर तिथे मला एकटीला राहू दे."

 मग अवधूतने आणखी एक गोष्ट सांगितली. दुपारी, फोन लागत नव्हता तेव्हा, त्याने शिल्पाला फोन केला होता. शिल्पा मंडळातली, आसावरीची मैत्रीण. ती तुझ्याकडे आहे का, असं विचारता विचारता तो बोलून गेला होता. हॉस्पिटल, ग्रूप, सगळं.

आसावरीला राग आला, इतका की काही क्षण तिला समोरचं नीट दिसेना.  ती उठली आणि डबे कपाटात लावायला लागली. अवधूतही उठला. दोघांनी न बोलता सगळं जागच्या जागी ठेवलं, सान्वी येऊन तिनेही बरण्या पुसून दिल्या, आणि मग तिघांनी टोस्ट खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी आसावरी शिल्पाच्या घरी गेली. बाहेर थांबून काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, पण दार उघडल्यावर तिने ते सोडून दिलं आणि म्हणाली, की काल अवधूतने जे सांगितलं ते खरं आहे, मला दारूचं व्यसन आहे, मी आता पीत नाही, आणि तुला काही विचारायचं असेल तर मलाच विचार. शिल्पा गडबडली.  शेवटी तिने विचारलं, "चहा तरी चालेल ना?" आणि दोघी हसल्या, जरा जास्तच.

शिल्पाने कुणाला सांगितलं की नाही कोण जाणे, पण बातमी पसरली. दोघी-तिघींचे फोन येणं बंद झालं. ऑगस्टमध्ये मंडळाचा सेक्रेटरी पुष्कर याने अगदी गोड आवाजात फोन केला, की ताई, यंदा तुम्ही आराम करा, प्रसादाचं दुसऱ्यांकडे देतोय. आसावरीने त्याला तितक्याच शांतपणे सांगितलं की मला आराम नकोय, उकड मीच काढणार आहे, आणि कुणाला माझ्या हातचं चालणार नसेल तर त्यांनी तसं मला येऊन सांगावं. कुणी आलं नाही. मोदक नेहमीसारखे संपले. पंगतीत दोन बायका तिच्या शेजारच्या खुर्च्या सोडून पलीकडे बसल्या, तेही तिने पाहिलं, आणि तिला लागलं. पण ती शेवटच्या पंगतीपर्यंत थांबली.

अवधूतचं अधिक कठीण होतं. दुपारी बारा वाजता त्याचा हात अजून फोनकडे जायचा. संध्याकाळी आसावरी आपण होऊन सांगायची, आज बरा होता, किंवा आज फार नको झालं होतं. पहिल्या काही दिवसांत तो ऐकताना तिच्या डोळ्यांकडे बघायचा, खरं-खोटं तपासत. मॉरीनने तिच्याकडे घरच्या माणसांच्या ग्रूपची माहिती दिली होती, मंगळवारी संध्याकाळी, बेसिंगस्टोकलाच, त्याच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला काही झालेलं नाही, असं म्हणून त्याने ते फेटाळलं. आसावरीने पुन्हा विषय काढला नाही. जूनच्या शेवटी एका मंगळवारी तो उशिरा घरी आला आणि जेवताना म्हणाला, की तिथे एका बाईने विचारलं, या आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी काय केलंत, आणि मला काहीच सांगता आलं नाही. मी तर टेबल टेनिस खेळायचो, नाही का? आसावरी म्हणाली, हो, कॉलेजात तुझ्या बॅटला कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. पुढच्या मंगळवारीही तो गेला.

ऑक्टोबरात आसावरीच्या ऑफिसने जाहीर केलं की तिची अख्खी टीम बंद होणार. तिच्या सहा जणांना तिनेच एकेकाला खोलीत बोलावून सांगायचं होतं, आणि तिने ते सांगितलं. त्यातल्या एका मुलाचा व्हिसा या नोकरीवर होता. तो रडला. चार वाजता ती बाहेर पडली आणि घरी न जाता समोरच्या सुपरमार्केटमध्ये शिरली. दूध आणि ब्रेड घ्यायचा होता. बास्केटमध्ये दूध आलं, ब्रेड आला, आणि मग ती एका शेल्फसमोर उभी होती आणि हातात बाटली होती. थंड, तिच्या ओळखीच्या लेबलाची.

तिने दुसऱ्या हाताने फोन काढून लाल दाबला. मॉरीनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती अजून इस्पितळात होती. फ्लोराचा मेसेज लगेच आला, की मी दंतवैद्याकडे खुर्चीत आहे, पाच मिनिटं दे. पाच मिनिटं आसावरीला फार वाटली. तिने अवधूतला फोन लावला. तो त्या दिवशी घरून काम करत होता.

"मी दुकानात आहे," ती म्हणाली. "बाटली हातात आहे. घेतलेली नाही, पण घेईन असं वाटतंय. तू येतोस?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "येतो. तू काही करू नकोस, नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. एका बाईने एक्स्क्यूज मी म्हणत तिच्या बाजूने हात घालून स्वतःची बाटली उचलली. फ्लोराचा फोन आला, अर्धवट बधिर तोंडाने ती बोलत होती, आणि आसावरीला ती काय म्हणतेय ते निम्मं कळत नव्हतं, तरी ती हूं हूं करत राहिली. अवधूत आला तेव्हा तो धावत आल्यासारखा धापा टाकत होता, कोट घातलेला नव्हता. त्याने बाटलीकडे पाहिलं. तिचा श्वास हुंगला नाही, काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं त्याला किती जड जातंय हे तिला दिसलं. त्याने हात पुढे केला, पण बाटली काढून घेतली नाही. आसावरीने स्वतः ती शेल्फवर ठेवली.

"घरी जायचं?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"इतक्यात नको. अजून मनातून गेलेलं नाही. चालू या."

ते नदीच्या बाजूला गेले. कॅव्हरशॅमच्या पुलाखालून पायवाट होती, पानं गळून चिखल झाला होता. आसावरी चालता चालता सांगत होती, की त्या रडणाऱ्या मुलाला काय बोलले, खोली कशी होती, बाटली हातात घेतल्यावर नेमकं काय वाटलं. यातली शेवटची गोष्ट तिने आजवर फक्त ग्रूपमध्ये सांगितली होती. अवधूतने मध्ये तोंड घातलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "फोन आला तेव्हा मला फार भीती वाटली."

"मलाही," ती म्हणाली.

पुढे कुठेतरी, बोटी बांधून ठेवतात तिथे, तिला जाणवलं की मघाची ओढ आता राहिलेली नाही. तिने तसं अवधूतला सांगितलं. उद्या पुन्हा येईल, तेही सांगितलं. तो म्हणाला, येऊ दे. वारा गार होता आणि त्याच्या अंगावर नुसता शर्ट होता, म्हणून तिने आपला स्कार्फ काढून त्याच्या गळ्यात टाकला आणि दोघं माघारी वळले.